गीत : पारंपरिक

शेठनी पेनाच्या टोपणाने कान कोरला. अगदी डोळे मिटून, चवीने. मग टोपण ट्यूबलाइटकडे धरून काय निघालं ते बघितलं, पँटला पुसलं, पेनाला परत बसवलं आणि तेच पेन माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "हं, कर बाळ सही."

"माझं आहे पेन," मी म्हणाले.

"वा! तयारीने आलीयस."

आलेच होते तयारीने. तेव्हा मी नववीत होते, आता बारावीत आहे, पण तेवढी तयारी मी अजून कुठल्याच परीक्षेची केलेली नाही. गीतकाराने म्युझिक कंपनीशी कसं बोलावं यावर नेटवर मिळेल ते सगळं वाचून मी वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. पहिला प्रश्न लाल पेनाने: माझं नाव कुठे येणार? पोस्टरवर की नुसतं गाण्याखाली? दोन्हीकडे आलं तर उत्तमच, पण एका जागी तरी हवंच आणि पूर्ण हवं. भाविका गावंड. पैशांचा एकही प्रश्न यादीत नव्हता. मला नाव हवं होतं. इतकं हवं होतं की आदल्या दिवशी भांडी घासताना मी "गीत, भाविका गावंड" असं निवेदकाच्या आवाजात चार वेळा म्हणून बघितलं होतं.

कंपनी पनवेलची. काम हळदीची गाणी काढायची. आमच्या आगरी मुलखात हळद लग्नापेक्षा मोठी असते. लग्नाला कुणी आलं नाही तर चालतं, हळदीला नाही आलं तर तोंड बघत नाहीत. आणि हळदीला रात्रभर डीजेवर जे वाजतं ते बहुतेक अशाच कंपन्यांचं असतं. या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनीही माझं लिहिलं नव्हतं.

गाण्याचा फोटो आधीच पाठवून मला तिथे नेलं होतं जितेशदादाने. जितेशदादा माझ्या आत्याचा मुलगा. त्या कंपनीचा गायक. गावात कुणी त्याला नावाने हाक मारत नाही, त्याच्या गाण्याच्या ओळीने मारतात, आणि तो खुशाल ओ देतो. मला तो म्हणजे देवच वाटायचा. तो देव माझ्या शेजारच्या खुर्चीत पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला होता.

"शेठ, सही करायच्या आधी मला काही विचारायचंय," मी वही उघडली.

"विचार की."

"माझं नाव कुठे येणार?"

शेठ जितेशदादाकडे बघून हसले. "जितेश, तू हिला काही बोलला नाहीस?"

दादाने झाकण आणखी एकदा फिरवलं.

"आधी गाणं बघू दे पुन्हा," शेठनी माझी वही ओढून घेतली, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. परत बोट जिभेला, परत पान. माझ्या वहीला! कव्हर घातलेली, लेबल लावलेली वही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांचा एकेक ओला ठसा उमटत गेला.

गाणं माझ्या चुलतबहिणीच्या, प्रांजलताईच्या हळदीचं होतं. ताई सरकारी दवाखान्यात नर्स. हळदीच्या दिवशीसुद्धा तिची ड्यूटी. मांडवात बायका वाट्या घेऊन ताटकळलेल्या, वाजंत्री चहा पिऊन पिऊन कंटाळलेले, आणि संध्याकाळी नवरी स्वतःच्या स्कुटीवरून आली. युनिफॉर्ममध्ये. तिने हेल्मेट काढायच्या आधीच बायका तुटून पडल्या आणि पहिली हळद लागली ती हेल्मेटला. सगळा मांडव पोट धरून हसत होता. मी त्याच आठवड्यात गाणं लिहिलं, आमच्याच बोलीत, जिथे ळचा ल होतो, डचा र आणि 'घरात'चं 'घरान':

इस्कुटीवर आयली गो नवरी, इस्कुटीवर आयली
हेल्मेट काराला इसरली गो, हेल्मेटला हलद लागली

आणि दर कडव्यानंतर ध्रुवपद:

हलदीचा हात गो बाय, पाठीवर रायला
हात गेला घरान, ठसा मांडवान आयला

हे गाणं मी शाळेच्या गॅदरिंगला म्हटलं तेव्हा हॉल डोक्यावर घेतला होता पोरांनी. तोवर मी मागच्या बाकावरची, हजेरीलासुद्धा हळू ओ देणारी. त्या दिवसापासून मला थांबवणं कुणालाच जमलेलं नाही.

"गाणं झकास आहे," शेठ म्हणाले. "दोनच गोष्टी. एक, स्कुटी काढ. बैलगाडी टाक."

"पण ताई स्कुटीवरून आली होती."

"आली असेल. तिचं लग्न झालं, ती गेली सासरी. मला गाणं विकायचंय. हेल्मेटच्या जागी मुंडावळ्या कर. बैलगाडी, मुंडावळ्या. बसतंय की चालीत."

"आमच्या गावात शेवटचा बैल मी पहिलीत असताना बघितला, शेठ."

"म्हणून तर! लोकांना जे राहिलं नाही तेच ऐकायचं असतं." ते स्वतःवरच खूश झाले. "आणि दुसरं, नावाचं. ते बघ."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतभर पोस्टरं. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात गायक, त्याहून मोठ्या अक्षरात निर्माता म्हणून शेठ, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'गीत : पारंपरिक'. सगळ्या पोस्टरांवर तेच.

"हे पारंपरिक फार लिहितात हो," मी म्हणाले. "कुठले? पेणचे का?"

जितेशदादाला पाण्याचा ठसका लागला. शेठना विनोद कळायला वेळ लागला, कळल्यावर आवडला नाही.

"हे बघ बाळ. तू म्हणशील गाणं माझं. उद्या उरणचा कुणी उठेल, म्हणेल ही ओळ माझ्या मावशीची. परवा तिसरा. भांडणं, वकील, डोक्याला ताप. पारंपरिक लिहिलं की प्रश्न मिटला. पारंपरिक म्हणजे कुणाचं? सगळ्यांचं."

"आणि सगळ्यांचं म्हणजे?"

"म्हणजे जो रेकॉर्ड करेल त्याचं." टोपण परत कानात गेलं. "म्हणून तर स्कुटी नको म्हणतोय. पारंपरिक गाण्यात स्कुटी कशी येईल? लोक हसतील."

तेव्हा मला कळलं की बैलगाडी ही चालीसाठी नव्हतीच. समोरचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. 'सदर गीत पारंपरिक असून त्यावर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही.' चौदाव्या वर्षी माझ्या वारसांची सोयसुद्धा लावून ठेवली होती त्यांनी.

"हे गाणं पारंपरिक नाहीये," मी म्हणाले. आवाज चढला होता आणि मी चढू दिला. "मी लिहिलंय. तारीख आहे खाली. अख्ख्या शाळेला माहितीये."

"अख्खं? सगळं?"

"सगळं."

शेठनी वही परत उघडली. बोट जिभेला. "'हलदीचा हात गो बाय, पाठीवर रायला.' हे पण तू लिहिलंस?"

मी माझ्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"नाही म्हणजे, चांगली ओळ आहे. खरं सांगू, सगळ्या गाण्यात हीच ओळ आहे. बाकीचं गंमत. म्हणून विचारलं."

"ते... ते ध्रुवपद जुनं आहे," मी म्हणाले. "आमच्या गावात हळदीला धवलारीण बाई म्हणते. ते आधीपासूनच आहे. ते..."

आणि पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला दिसलाच नाही.

"...ते पारंपरिक आहे."

शेठ हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रेमाने मान हलवली, एखाद्या पोराला बे एके बे आल्यावर हलवतात तशी. "बघ. शिकलीस की. मग तुझ्यात नि माझ्यात काय फरक? त्या बाईला विचारलं होतंस?"

त्यांच्या नखाखाली काहीतरी पिवळं होतं. ते माझ्याकडे मी त्यांच्यातलीच असल्यासारखं बघत होते. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की ते बरोबर बोलत होते.

"ही अजून लहान आहे," शेठ दादाला म्हणाले. "पालकाची सही लागेल. तूच कर, भाऊच आहेस ना?"

दादाने हात पुढे केला. खरंच केला.

"माझी आई घरी आहे," मी कागद उचलला, वही उचलली. "तिची आणते."

आम्ही बाइकवरून निघालो. गावाच्या अलीकडे, खाडीच्या पुलावर दादाने स्वतःच गाडी थांबवली.

"राग आला ना?"

"तू सही करणार होतास."

"भाविका, पहिलं गाणं सगलेच असं देतात गो. माझी तीन गेली."

"कसली तीन?"

त्याने पुलाच्या कठड्यावर ठेका धरला आणि तीन गाण्यांच्या पहिल्या ओळी गुणगुणल्या. त्यातल्या एकावर मी सहावीत नाचले होते. गॅदरिंगला, बक्षीस मिळालं होतं. मला वाटायचं ते माझ्या पणजीच्याही आधीचं आहे.

"ही तू लिहिलीस?"

"मीच तो पारंपरिक," तो म्हणाला. "पेनचा नाय, इथलाच."

मी हसावं असं त्याला वाटत होतं. मी हसले नाही. "मग गप्प का बसलास?"

"गायला मिललं ना."

मी त्याला म्हटलं मला इथेच सोड, मी चालत जाते. घरी जायचं नव्हतं. चांगूबायकडे जायचं होतं.

धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात भटजींच्या आधी जिचा मान ती बाई. ती धवला गाते आणि गात गातच एकेक विधी पुढे नेते. तिने म्हटल्याशिवाय हळदीचं पातेलंसुद्धा मांडवात येत नाही. आमच्या गावची धवलारीण चांगूबाय. तेव्हा सत्तरीच्या पुढची, तोंडात दात मोजके आणि शिव्या भरपूर. अंगणात पाय पसरून ती सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. डोकी एका पाटीत, धडं दुसऱ्या पाटीत.

"कनाची गो तू? वासूची पोर ना? बस. जराशी लांब बस, नायतर आयस बोंब मारल वास लागला म्हनून."

मी मुद्दाम जवळ बसले.

"चांगूबाय, 'हलदीचा हात गो बाय' हे गाणं कुणाचं?"

"कनाचा म्हंजे?"

"म्हणजे तुला कुणी शिकवलं? तुझ्या आईने?"

"मना धवला आयशीनी शिकवला. आख्खा. पन तो हात तिचे धवल्यान नाय." तिने एक डोकं मोडून पाटीत टाकलं. "तो माजा."

"तू केलास?"

"आयलं तोंडात, बोलली. तुजे आयशीचे हलदीला."

माझ्या आईच्या. तिचं माहेर गावातलंच. मी लहानपणापासून ते ऐकत होते, आई भाकऱ्या थापताना पुटपुटायची. त्यात ती स्वतः आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुजी आजी तवा रांडावलेली," चांगूबाय सांगू लागली. "नवरा नाय तिला हलदीला हात लावाचा नाय, मांडवान याचा नाय. पन हलद वाटाला चालतं. वाटाला सगलं चालतं. ती बिचारी घरान बसून पोरीची हलद वाटत व्हती नि पोर भायेर पाटावर."

"असं कुणी सांगितलं होतं? आजीने आत बसायचं म्हणून?"

"कोन सांगल?" तिने माझ्याकडे न बघता पुढचा बोंबील घेतला. "धवलारीन कोन? मी. नियम कनाचे तोंडातून? माजे. मीच बोलली तिला, तू आत बस."

अंगणात कोंबड्या बोंबलांच्या पाटीभोवती घिरट्या घालत होत्या. तिने त्यांना एक सणसणीत शिवी दिली.

"मंग तुजी आय पाटावरशी उठली. बोलली तहान लागली. घरान गेली, नि जराशानी भायेर आयली. पाटावर बसली तवा आमाला तिची पाठ दिसली. पाठीवर हात. पाचचे पाच बोटं, वली हलद. घरान आयशीला काय बोलली नसल, गेली नि पाठ फिरवून उभी रायली असल. मांडवानचे समदे बायांनी बघितला. मी धवला गात व्हती, तो माजे तोंडात थांबला. नि तोंडातशी तो हात आयला."

मी वही घट्ट धरून बसले होते. सहा महिने मी ही ओळ स्टेजवर हातवारे करून म्हणत होते. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, शेवटी "गीत, भाविका गावंड" म्हणत होते.

"त्या दिसापासून मी कनाला घरान बसवली नाय," चांगूबाय म्हणाली. "पन तुजी आजी तवा बसली ती बसली."

मी तिला सगळं सांगितलं. शेठ, कागद, बैलगाडी, पारंपरिक. आणि मी काय बोलले तेही. शेठचं कान कोरणं ऐकून ती पोटभर हसली, माझं ऐकून हसली नाही. नुसतं "हं" म्हणाली. मग मी तिच्यासमोर कागदावरचा 'पारंपरिक' खोडला, दोन रेघांनी, आणि वरती लिहिलं 'ध्रुवपद :'.

"पूर्ण नाव सांग."

"लिव चांगूबाय."

"असं नाही. कागदावर पूर्ण लागतं. नवऱ्याचं नाव, आडनाव."

"नवऱ्याचा कशाला? त्यानी केला का गाना? तो तवा मांडवाचे मागे ताडी पिऊन परलेला."

"मग वडलांचं?"

"बाप तर पोटात आसताना गेला माजा." तिने विचार केला. "चांगुना. तेवराच."

'ध्रुवपद : चांगुणा. कडवी : भाविका गावंड.' मी माझ्या निळ्या पेनाने तिचा अंगठा रंगवला. अंगठ्यावरच्या बोंबलांच्या चुऱ्यावर शाई नीट बसेना, म्हणून दोनदा रंगवला, आणि तिने तो कागदावर असा दाबला की खालच्या वहीवरही उमटला.

पालक म्हणून सही आईची. तिने कागद वाचला. 'ध्रुवपद' या शब्दावर तिने बोट ठेवलं.

"तिनी सांगितलं का," तिने विचारलं, "आत बस म्हणून कोण बोललं ते?"

"सांगितलं."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि सही केली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. ते गाणं त्या कंपनीतून आलं नाही. उन्हाळ्यात त्यांनी बैलगाडीत आलेल्या नवरीचं एक गाणं काढलं. मुंडावळ्या होत्या, माझी दोन कडवी जवळपास होती तशी होती, तळाला मुंगीएवढ्या अक्षरात तेच पारंपरिक होते. अजून कुठे ते लागलं की मी उठून जाते. पण त्यात हाताची ओळ नव्हती. ती कुणाची ते कागदावर अंगठ्यासकट होतं; ती घ्यायला ते धजले नाहीत. आमचं गाणं जितेशदादाने चांगूबायच्या अंगणात गायलं, स्कुटीसकट, हेल्मेटसकट. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मधे एकदा कोंबडी ओरडलेलीही ऐकू येते. गाण्याखाली दोन नावं आहेत आणि पहिलं माझं नाही.

पण ते नंतर. सोमवारी जितेशदादा आणि मी परत पनवेलला गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. शेठ टोपण घेऊन त्याच खुर्चीत होते. मी दप्तरातून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. दोन दिवस तो माझ्या दप्तरात बंद होता.

शेठनी बोट जिभेला लावलं, कागद उचलला, वाचायला तोंडाजवळ नेला आणि झटकन लांब धरला.

"शी! हे काय? चांगुणा कोण? आणि पारंपरिक कुणी खोडलं?" त्यांनी दुसऱ्या हाताने नाक दाबलं. ज्या हाताने दाबलं त्याच हातात ते टोपण होतं. "शी शी शी! हा वास कसला येतोय?"

शेजारच्या खुर्चीत जितेशदादाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि उभा राहिला.

"गीतकाराचा," मी म्हणाले.